भट्टी पेटण्याआधीची उचल

प्रश्न : काका, नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद २१४, बहुतेक द्राक्षवाले, थोडे ऊसवाले. मी संचालक मंडळात आहे. छाटणीच्या काड्या बांधावर पेटवून देण्याऐवजी दोन वर्षांपासून आम्ही चार भट्ट्यांत त्यांचा कोळसा, म्हणजे बायोचार, करतो आणि शेणखतात मुरवून बागेत घालतो. गेल्या वर्षी ३१ टन झाला. आता परदेशातल्या एका क्रिप्टोवाल्या गटाचा मेल आलाय. चार वर्षांत १,००० टन कार्बन डायऑक्साइड जमिनीत मुरवल्याची प्रमाणित क्रेडिट्स, म्हणजे टनाटनाचे दाखले, आम्ही द्यायची, टनाला ११० डॉलर. चाळीस टक्के रक्कम आताच, यूएसडीसी या डॉलरला बांधलेल्या क्रिप्टो चलनात. उरलेली साठ टक्केही आताच, पण त्यांच्या स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे त्यांनीच काढलेल्या क्रिप्टो नाण्यात. टोकन पुढं वाढेल असं ते म्हणतात. कंपनीचं क्रिप्टो खातं नाही, म्हणून अध्यक्ष म्हणतात पुतण्याच्या खात्यावर घेऊ. चाळीस टक्के म्हणजे जवळपास ३८ लाख होतात, त्यात मोठी भट्टी आणि काड्या बारीक करणारा श्रेडर येतो. आमचे एक ज्येष्ठ संचालक म्हणतात, दारात आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. पण दोन वर्षांत आमच्याच गावात किती बागांवर कुऱ्हाड पडली ते मी बघतेय. झोप लागत नाही. घ्यावेत का हे पैसे?
– एक संचालिका, तासगाव तालुका

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात कॅल्क्युलेटर होता, आणि तिसऱ्यांदा वाचताना माझा थोरला भाऊ आठवला.

भावाचा वाळवा तालुक्यात ट्रॅक्टर होता, ऊस वाहतुकीला लावलेला. २०१४ च्या हंगामासाठी त्यानं आषाढातच एका मुकादमाला साडेपाच लाख उचल दिली. बारा कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या बारा जोड्या, ठरले होते. नोटरी झाली, फोटो काढले, आधार कार्डांच्या झेरॉक्स घेतल्या. दसरा झाला, कारखान्याचा बॉयलर पेटला, आणि आले पाच कोयते. आम्ही दोघं भाऊ मुकादमाच्या गावी गेलो. मला वाटलं होतं घराला कुलूप असेल. तर माणूस ओट्यावरच बसलेला. आम्हाला बघून उठला, आत जाऊन पाणी घेऊन आला. घरात ज्वारीचं एक पोतं आणि भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली, एवढंच होतं. बहिणीच्या लग्नात पैसे गेले होते. बारा कोयते जमतील असं त्याला मनापासून वाटलं होतं, जमले पाच. तो चोर नव्हता. जेवढी माणसं हातात नव्हती, तेवढ्यांचे पैसे त्यानं उचलले होते. आणि जे पाच कोयते आले, त्यांच्या हिशेबात उरलेल्या सातांची उचल चढली. फेब्रुवारीत पट्टा पडला, गाळप संपलं, तरी ती फिटली नाही, पुढच्या हंगामात गेली.

हे मी तुम्हाला सांगतोय, कारण या व्यवहारात तुमची कंपनी मुकादमाच्या जागेवर आहे. समोरचा गट ट्रॅक्टरमालकाच्या जागेवर, आणि तुमचे २१४ सभासद म्हणजे कोयते. येणारे पैसे उत्पन्न नव्हेत, उचल आहे. ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला बसते, आणि क्रेडिट तयार होऊन त्यांच्या नावावर चढेपर्यंत तिथंच राहते.

आता आकडे. तुमची झोप कुठं उडाली ते यातच आहे.

तुमच्या कोळशात कार्बन सत्तर टक्क्यांच्या आसपास धरू. बारा किलो कार्बन हवेतल्या चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइडमधून येतो, म्हणून एका टन कोळशामागं कागदावर अडीच टन निघतात. त्यातून ट्रॅक्टरचं डिझेल वजा होतं, भट्टीतून सुटणारा मिथेन वजा होतो, शंभर वर्षांत मातीत कुजून जाईल तो भाग वजा होतो. हातात दोन, फार तर सव्वादोन टन राहतात. गेल्या वर्षीच्या ३१ टनांचे झाले ६२ ते ७०. करार मागतोय वर्षाला २५०. म्हणजे दरवर्षी ११० ते १२५ टन कोळसा, आणि एक टन कोळशाला चार ते पाच टन वाळलेल्या काड्या लागतात. साडेचारशे ते सहाशे टन वाळक्या काड्या झाल्या, चारही वर्षं, न चुकता.

एवढ्या काड्या आणणार कुठून? बागा कमी होतायत हे तुम्हीच लिहिलंय. ज्यांच्या बागा उभ्या आहेत, त्यातले बरेच जण आता काड्या बारीक करून सरीतच टाकतात, आणि तेही चुकीचं करत नाहीत, मातीला त्याचाही उपयोग आहे. ते तुम्हाला काड्या का देतील, याचं उत्तर करारात कुठंच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या उन्हात आठवड्या-दोन आठवड्यांत कडकडीत होतात. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मात्र परतीचा पाऊस असतो. ओल्या काड्या भट्टीत घातल्या की पांढरा दाट धूर निघतो. तो धूर दिसला की समजा मिथेन सुटतोय आणि तुमचं क्रेडिट हवेत चाललंय. उसाचं पाचट घेता येईल, पण ते हलकं असतं. ट्रॉली भरलेली दिसते आणि काट्यावर वजन भरत नाही, वाहतुकीतच पैसे जातात. मोठी भट्टी आणि श्रेडर घेऊन यातला कुठलाच प्रश्न सुटत नाही. भट्टी रिकामी उभी राहते, एवढंच.

म्हणून पहिलं उत्तर असं की, पैसे कुठल्या चलनात येतात याचा विचार नंतर, आधी १,००० टनांचा आकडा कापा. माझ्या हिशेबानं पहिल्या दोन वर्षांत मिळून १५० टनांच्या वर शब्द देऊ नका. ते जमलं तर पुढचं बोला.

माझं बोलणं ऐकून हे सगळं क्षेत्रच फसवं आहे असं मात्र समजू नका. हवेतला कार्बन काढून घेण्याचं काम गरजेचं आहे, आणि ते करणाऱ्याला आगाऊ पैसे लागतात हेही खरंच आहे. बँकेत तीस वर्षं कर्ज विभागात काढल्यावर मी हे सांगू शकतो की आपल्याकडच्या बँका बायोचारच्या भट्टीला तारण न मागता सहसा कर्ज देत नाहीत. ही पोकळी कुणीतरी भरायलाच हवी. २०२२ साली स्ट्राइप, गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट, शॉपिफाय, मेटा आणि मॅकिन्झी यांनी फ्रंटियर नावानं ९२.५ कोटी डॉलरचा आगाऊ शब्द दिला तो याच कारणासाठी. २०२५ मध्ये एक्सप्राइझ या कार्बन काढण्याच्या जागतिक स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस माती कार्बन या कंपनीला मिळालं. तेही आपल्याच देशातल्या लहान शेतकऱ्यांच्या रानात बेसॉल्टची भुकटी टाकून हवेतला कार्बन मुरवण्याच्या कामाला. बेसॉल्ट म्हणजे आपल्या पायाखालचा काळा दगडच. ती बातमी वाचली त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

पण या जाणत्या खरेदीदारांची पद्धत बघा. फ्रंटियर दोन तऱ्हेनं पैसे देतं. अगदी नव्या, लहान प्रयोगाला थोडी रक्कम आधी देतात आणि ती बुडू शकते हे गृहीत धरतात. मोठा करार असेल तर टन मोजून हातात पडल्यावरच पैसे सोडतात. तुम्हाला आलेला प्रस्ताव या दोन्हींत बसत नाही. आकार मोठ्या कराराचा, आणि पैसे लहान प्रयोगासारखे सगळे आधी. त्यात साठ टक्के अशा कागदाचे, की ज्याची किंमत तेच ठरवणार.

टोकनचं जरा सविस्तर सांगतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये क्लायमाडाओ नावाचा असाच एक प्रयोग सुरू झाला होता. कार्बन क्रेडिट्स टोकनच्या रूपात गोळा करायची, त्यांच्या आधारावर स्वतःचं टोकन काढायचं, मागणी वाढली की हवामानाचंही भलं आणि टोकन धरणाऱ्याचंही. टोकन थोड्याच दिवसांत ३,००० डॉलरच्या वर गेलं आणि २०२२ मध्ये दहा डॉलरच्याही खाली आलं. आत गोळा झालेल्या क्रेडिटांत बरीच जुनी होती, बाजारात ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशी. कार्बन क्रेडिटांची नोंद ठेवणाऱ्या वेरा या संस्थेनं २०२२ च्या मे महिन्यात, एकदा वापरून बाद झालेल्या क्रेडिटांवर टोकन काढायला बंदी घातली. यात टनांची किंमत एका बाजूला राहिली आणि टोकनची दुसरीकडंच धावली. तुमच्या सभासदांनी काड्या उचलल्या, भट्टीपुढं घाम गाळला, त्याचा मोबदला असल्या भावावर का टांगायचा?

सांगलीच्या माणसाला हे परक्या भाषेत समजावून सांगायची गरज नाही. हळदीचा वायदा आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालला. हळद हरिपूरच्या पेवात जमिनीखाली, आणि सौदा बाजारात. पेवावर विश्वास होता, कारण तोंड उघडलं की हळद दिसायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हा आतला माल गेला म्हणजे काय होतं तेही आपण बघितलं. तुम्हाला देऊ केलेल्या टोकनचं पेव कुठं आहे, त्यात आज काय आहे, ते एका ओळीत लिहून मागा. ‘पुढं वाढेल’ हे त्याचं उत्तर होत नाही.

यूएसडीसीची गोष्ट निराळी. तो डॉलरला बांधलेला आहे, आणि रोजच्या व्यवहारात तसा टिकतो. २०२३ च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा त्याच्या राखीव निधीतले सव्वातीन अब्ज डॉलर त्या बँकेत अडकले होते. दोन-तीन दिवस त्याचा भाव ८८ सेंटच्या आसपास घसरला आणि मग सावरला. म्हणजे चलन म्हणून तो अगदीच वाईट नाही. क्रिप्टोला वीज फार लागते, मग पर्यावरणाच्या कामाला ते कसं चालतं, असंही कुणी सभेत विचारेल. यूएसडीसी मुख्यतः ज्या इथेरियम नावाच्या क्रिप्टो जाळ्यावर चालतो, त्यानं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. तो आक्षेप इथं लागू होत नाही.

तरीही तुम्ही तो घेऊ नका, असंच मी सांगेन. कारण आपल्या इथलं आहे. परदेशातल्या खरेदीदाराला तुम्ही काही विकताय, म्हणजे ही निर्यात. निर्यातीचा पैसा अधिकृत बँकेमार्फत परकीय चलनात यावा अशी फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, चौकट आहे, आणि वॉलेटमध्ये आलेलं क्रिप्टो त्या चौकटीत बसत नाही. वर कर आहे. २०२२ पासून क्रिप्टोवरच्या नफ्याला ३० टक्के कर लागतो, विकताना एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे टोकन वाढलं तर सरकारचा वाटा, पडलं तर सगळं तुमच्या माथी. तीच रक्कम खरेदीदारानं डॉलर करून कंपनीच्या बँक खात्यावर पाठवली, तर बँक तुम्हाला परकीय रकमेचा दाखला देते, सीए वहीत नीट नोंद करतो, आणि तुम्ही शांत झोपता. ज्याच्याकडं खरोखर यूएसडीसी आहे, त्याला त्याचे डॉलर करणं काही अवघड नाही. ‘आम्ही फक्त क्रिप्टोतच देतो’ असं तो अडून बसला, तर का अडलाय ते मला कळवा.

चार वर्षांच्या आगाऊ रकमेबद्दल आणखी एक. निर्यातीपोटी आधी घेतलेल्या पैशांच्या बदल्यात माल किंवा सेवा कधीपर्यंत द्यायची, याला नियमात मुदत असते. तुमचा करार त्या मुदतीत बसतो का, हे बँकेच्या परकीय चलन विभागाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तरावर मंडळाचा ठराव करू नका.

आता पुतण्याचं खातं. ताई, हा मुद्दा मंडळाच्या बैठकीत तुम्ही उठून मांडायलाच हवा, कितीही अवघड वाटलं तरी. पुतण्या प्रामाणिक असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाही. पण रक्कम त्याच्या नावावर आली की आयकर खात्याच्या लेखी ती त्याची. उद्या क्रिप्टोची खाती ठेवणारं एक्सचेंज हॅक झालं, त्याच्या फोनवरून पासवर्ड गेला, त्याच्या घरात वाटणी निघाली किंवा त्याला अपघात झाला, तर २१४ घरांच्या उचलीचा मालक कोण? २०२४ मध्ये आपल्या देशातल्या एका मोठ्या एक्सचेंजमधून सुमारे २,००० कोटींची क्रिप्टो चोरीला गेली आणि लोकांचे पैसे कित्येक महिने अडकून पडले. कंपनीचे पैसे कंपनीच्याच खात्यात, दोन सह्यांनी. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी काय सोसलं ते तुमच्या सभासदांना आठवत असेल. अंडी विकत घेऊ असं आधी सांगितलं होतं, पैसे आधी घेतले होते, आणि खरेदीदारच नाहीसा झाला. अध्यक्षांना हे रागानं सांगू नका. ‘दादा, तुमच्या घरावर बोट उठू नये म्हणून म्हणते’ असं म्हणा. ते ऐकतील.

आणि पुढं खरेदीदारच मिळेनासे झाले तर? तेही घडलंय. अमेरिकेतल्या रनिंग टाइडनं समुद्रात कार्बन मुरवण्यासाठी मोठमोठ्या कंपन्यांकडून आगाऊ पैसे घेतले होते. पुढं पुरेसे खरेदीदार मिळेनात म्हणून २०२४ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी नोरीही बंद झाली. तिनं शेतकऱ्यांनी मातीत मुरवलेला कार्बन ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोमागच्या सामायिक नोंदवहीवर, विकायचा बाजार २०१७ पासून उभा करत आणला होता. दोन्हीकडची माणसं मनापासून काम करणारी होती. बाजारच अजून कोवळा आहे. म्हणून कोळशाचा पहिला उपयोग तुमच्या बागेतला धरा आणि क्रेडिटचे पैसे वरकड समजा. खरेदीदार उद्या गेला तरी कोळसा घातलेली माती सभासदाचीच राहते. क्रेडिटवर डोळा ठेवून कर्ज काढून मोठी भट्टी उभारली, तर ती सोय उरत नाही.

मग त्यांना काय लिहायचं? ज्येष्ठ संचालकांचं म्हणणं मला समजतं, त्यांनी वाईट वर्षं फार बघितली असणार. लक्ष्मी परत पाठवू नका, तिला कुठल्या दारानं यायचं ते सांगा. लिहा की, दोन वर्षांत १५० टन देऊ, दर तोच. वीस टक्के आगाऊ, डॉलरमध्ये, कंपनीच्या बँक खात्यावर. ते साधारण तीन हजार तीनशे डॉलर होतात, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास, त्यात जुना चांगला श्रेडर बसेल. उरलेले ऐंशी टक्के प्रत्येक खेपेचं क्रेडिट नोंदणीवर चढलं की तीस दिवसांत. टोकन नको. पूर, गारपीट, दुष्काळ झाला आणि टन कमी पडले, तर राहिलेले टन पुढच्या हंगामात देऊ, रोख परतफेड नाही. हे वाक्य करारात नसेल तर सही करू नका. २०१९ आणि २०२१ चे पूर तुमच्या सभासदांना आठवतच असतील, परदेशातल्या माणसाला ते माहीत असण्याचं कारण नाही. तपासणी आणि नोंदणीचा खर्च कोण करणार तेही त्यातच लिहा. तो खर्च लहान कंपनीला जड जातो आणि पहिल्या मेलमध्ये त्याचा उल्लेख सहसा नसतो. कुठल्या नोंदणी संस्थेच्या कुठल्या पद्धतीनं मोजणार हे त्यांच्याकडून नावानिशी घ्या, आणि तोच टन दुसऱ्या कुणाला विकणार नाही असं तुम्हीही लिहून द्या.

सभासदांकडूनही एक कागद हवा. माझ्या काड्यांच्या कार्बनचा हक्क मी कंपनीला देतो आणि त्याबदली मला एवढा वाटा, असा. मराठीत, एका पानात. तो नसेल तर पैसे आल्यावर भांडणं होतील, आणि ती भावकीतल्या बांधाच्या भांडणांपेक्षा वाईट असतील, कारण इथं बांध दिसतही नाही.

ते ३१ टन तुम्ही मोजले कसे? काट्याच्या पावत्या आहेत की भट्टीमागं अंदाज धरलाय? हे पत्रात नाही आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. कोळसा विझवताना पाणी मारतात, ओल्या कोळशाचं वजन कितीतरी जास्त भरतं. तुमचे ३१ टन ओले असतील, तर वरचा सगळा हिशेब आणखी खाली येईल.

विट्याकडचे गलाईवाले सोनं हातात आलं की आधी कस बघतात, भाव नंतर बोलतात. तुमच्या कोळशाचाही कस असतो. प्रयोगशाळेत हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंचं प्रमाण काढतात. ते ०.७ च्या खाली आलं तर कोळसा मातीत दीर्घकाळ टिकणारा, वर गेलं तर अर्धवट जळलेल्या काड्याच. चारही भट्ट्यांचे वेगवेगळे नमुने, प्रत्येकी किलोभर, वाळवून पिशवीत भरा. पिशवीवर भट्टीचा नंबर आणि तारीख घाला. खरड छाटणी एप्रिलमध्ये सुरू होईल, त्याआधी अहवाल हातात हवा. तोपर्यंत मेलला एवढंच उत्तर पाठवा की मंडळ विचार करतंय. अहवाल आणि काट्याच्या पावत्या आल्या की मला परत लिहा, मग करारातला टनांचा आकडा आपण मिळून बसवू.